यंत्राचा लेख वर आला, पण उत्तरदायी कोण?

‘एआयकडून रोज दहा लेख लिहून घ्या, संकेतस्थळावर टाका, वाचक आपोआप येतील,’ असा सल्ला आज छोट्या नियतकालिकांना आणि संघटनांना सर्रास दिला जातो. आपल्यासारख्या चळवळीला त्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. लिहिणारे हात कमी, पैसा त्याहून कमी आणि मुस्लिम समाजाच्या प्रश्नांवर मराठीत मजकूर फारच थोडा. मग हरकत काय?

या सल्ल्याची परीक्षा आधीच झाली आहे. ‘सी-नेट’ या अमेरिकी संकेतस्थळाने २०२२ च्या अखेरीस पैशांच्या व्यवहाराविषयी ७७ लेख यंत्राकडून लिहून घेतले. पुढे त्यांपैकी ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. १०,००० डॉलर ३ टक्के व्याजाने ठेवले, तर वर्षअखेर १०,३०० डॉलरची कमाई होईल, असे एका लेखात म्हटले होते. कमाई अर्थातच ३०० डॉलरची! भाषा सफाईदार होती, म्हणून चूक सहज नजरेत भरली नाही.

गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितले की मजकूर कोणी लिहिला यापेक्षा तो किती उपयोगी आहे, हे पाहिले जाईल. मार्च २०२४ मध्ये नियम कडक झाले. केवळ शोधयादीत वर येण्यासाठी घाऊक तयार केलेला मजकूर, मग तो माणसाचा असो वा यंत्राचा, गैरवापर ठरला. अनेक संकेतस्थळे यादीतून पुसली गेली.

तरीही गूगल गाळणी लावेल म्हणून आपण निश्चिंत राहू शकत नाही. ज्या प्रश्नावर इंग्रजीत हजारो पाने आहेत, तिथे कच्चे पान मागे पडू शकते. मराठीत मोजकीच पाने असतील, तर कच्चे पानही पहिल्या क्रमांकावर येते. पहिला क्रमांक म्हणजे खरेपणाचा दाखला नव्हे.

‘तलाकनंतर पोटगी मिळते का?’ हा प्रश्न घ्या. १९८६ चा कायदा वरवर वाचून एखादे यंत्र ‘फक्त इद्दतीपुरती’ असे उत्तर देऊ शकते. परंतु इद्दतीच्या काळात पतीने पत्नीच्या पुढील आयुष्याचीही वाजवी तरतूद केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात स्पष्ट केले. १० जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागण्याचा हक्क मुस्लिम महिलेलाही आहे. अर्धवट उत्तर वाचून एखादी बहीण न्यायालयाची पायरीच चढली नाही, तर तिचे नुकसान कोण भरून देणार? यंत्राला जाब विचारता येत नाही.

म्हणून या अंकापुरते काही नियम आम्ही ठरवले आहेत. टंकलेखन, भाषांतराचा कच्चा खर्डा, शीर्षके सुचवणे यांसाठी यंत्राची मदत घ्यायला हरकत नाही; ती घेतली तर तसे लेखाखाली लिहिले जाईल. कायदा, धर्म आणि आरोग्य यांवरचा प्रत्येक लेख जाणकार माणूस वाचेल. लेखाखाली जबाबदार व्यक्तीचे नाव आणि शेवटच्या तपासणीची तारीख असेल. लेख कमी निघाले, वाचकसंख्या हळू वाढली, तरी चालेल.

मात्र नियमांनी मराठीतली रिकामी जागा भरत नाही. ती तुम्हीच भरू शकता. शिष्यवृत्तीचा अर्ज का अडला, घर भाड्याने मागताना आडनाव ऐकून काय उत्तर मिळाले, निकाहनाम्यात कोणती अट घालून घेतली, कौटुंबिक न्यायालयात किती तारखा पडल्या, हे यंत्राला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. ते लिहून पाठवा. भाषा दखनी वळणाची असो, खानदेशी असो की कोकणी, चालेल. शुद्धलेखन आम्ही पाहून घेऊ.