पऱ्हाटीची मोटार

मंडळी, मायलेजचा विषय निघाला की आपले आयटीवाले थेट कार्बन फायबरवर येतात. गाडीचं वजन १० टक्के घटलं तर इंधन साधारण ६ ते ८ टक्के वाचतं, हे खरंच. पण हलकं म्हणजे महागडंच, हे कुणी ठरवलं?

पूर्व जर्मनीत त्राबांत नावाची गाडी होती. १९५७ ते १९९१ मध्ये तीस लाखांच्या आसपास निघाल्या. सांगाडा पोलादाचा, पण बाहेरचे बरेचसे भाग टाकाऊ कापूस फिनॉल रेझिनमध्ये दाबून केलेले! कारण काय, तर पोलादी पत्र्याचा तुटवडा. इंजिन धूर ओकायचं, मान्य. पण हे भाग गंजत नसत. आज जर्मन गाड्यांच्या दारांत आतून जवसाच्या झाडाचे तंतू असतात.

आणि आमचं यवतमाळ? जिल्हा कापसाचा, पण वेचणी संपली की पऱ्हाट्या शेतातच पेटवतात. मुंबईच्या सिरकॉटनं त्यांचंच पार्टिकल बोर्ड करून दाखवलंय. मग गाडीच्या आतल्या पॅनेलसाठी प्रयत्न करायला काय हरकत आहे? उष्णता, ओल, धक्के सोसेल का, ते लॅबमध्ये तपासा ना!

विदर्भातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनो, फायनल इयरचे विकतचे प्रोजेक्ट पुरेत. एक गाडी पऱ्हाटी तरी उचला. शेतकऱ्याला तिचे चार पैसे मिळू देत.