काबूलच्या मुली आणि आपले मौन

15 ऑगस्ट 2021 रोजी तालिबानने काबूल घेतले आणि 30 ऑगस्टच्या रात्री अमेरिकेचे शेवटचे लष्करी विमान तिथून उडाले. महासत्तेची नाचक्की झाली म्हणून आपल्यातल्या अनेकांना आनंद झाला. आमच्या आंबागडचा किल्लाही राजाखान पठाणाने बांधलेला. पठाणांच्या विजयाचा अभिमान आमच्याकडेही मिरवला गेला. पठाणांच्या लेकींचे पुढे काय झाले, हे मात्र कुणी विचारले नाही.

अमेरिकेची तरफदारी आम्ही करणार नाही. स्त्रियांच्या मुक्तीचे नाव घेत तिने वीस वर्षे युद्ध केले आणि 29 फेब्रुवारी 2020 च्या दोहा करारात त्याच स्त्रियांचा साधा उल्लेखही केला नाही. पण परकी फौज गेल्यानंतर शाळेला कुलूप लावले ते कुणी? 23 मार्च 2022 रोजी माध्यमिक शाळांत आलेल्या मुलींना त्याच दिवशी परत पाठवले. डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठे बंद केली. डिसेंबर 2024 मध्ये नर्स आणि दाईचे प्रशिक्षणही बंद केले. परपुरुष डॉक्टर नको आणि बाई डॉक्टर घडवायची नाही, मग बाळंतिणीने मरायचे काय?

हे सारे दीनच्या नावाने चालले आहे. ज्या दीनचा पहिला शब्द ‘इक्रा’, ज्याच्या उम्मतीला हजरत आयेशांनी हदीस शिकवली, त्या दीनच्या नावाने! विद्यापीठबंदी शरीयतविरोधी आहे, असे खुद्द अल-अजहरच्या इमामांनी सांगितले. मग आपले उलेमा एवढ्या स्पष्टपणे का बोलत नाहीत?

15 मार्च 2022 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने वर्गातील हिजाबबंदी कायम केली. मुलींना शिक्षणापासून तोडू नका, असे आपण ओरडून सांगितले. त्याआधी फेब्रुवारीत मालेगावात हजारो बायका जमल्या होत्या. ते योग्यच होते. पण निकालानंतर आठच दिवसांनी काबूलच्या मुली रडत घरी गेल्या, तेव्हा आपला आवाज कुठे गेला? उडुपीत जो जुलूम, तो काबूलमध्ये शरीयत कसा होतो?

ऑक्टोबर 2025 मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी भारतात आले. दिल्लीतील त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेश मिळाला नाही. दुसऱ्याच दिवशी देवबंदला त्यांचे जंगी स्वागत झाले. फुले उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांना शाळेची किल्ली मागितली?

सरकारही निर्दोष नाही. पुण्याच्या विद्यापीठात अफगाण मुले-मुली वर्षानुवर्षे शिकत आली आहेत. 25 ऑगस्ट 2021 रोजी भारताने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे व्हिसा रद्द केले. करोनात घरी गेलेल्या, शिष्यवृत्ती मिळालेल्या कित्येक मुली तिकडेच अडकल्या. त्यांच्यासाठी आपल्या किती संघटनांनी निवेदन दिले?

खरे दुखणे घरातले आहे. तालिबान सहावीनंतर मुलीला घरी बसवतो. आपल्या अनेक गावांत उर्दू शाळा सातवी-आठवीला संपते आणि ‘एवढी तालीम पुरे’ म्हणून बाप मुलीचा दाखला काढून नेतो. आम्ही शिक्षक तो मुकाट्याने लिहून देतो. तिथे फर्मान लागते, इथे रिवाज पुरतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जुम्याच्या बयानात काबूलच्या मुलींचे नाव घ्या, अफगाण विद्यार्थिनींच्या व्हिशासाठी सरकारकडे निवेदने पाठवा आणि आठवी झालेली आपली मुलगी येत्या जूनमध्ये नववीत बसवा, मग ती शाळा दुसऱ्या गावात असो की मराठी माध्यमाची.