दोन रिळं आहेत, दोनच दाखवा

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि थोडी भांडणाची आहे. आधीच सांगून ठेवतो, मग कोणी म्हणू नये.

गेले पंधरा दिवस आपल्या देवास-इंदूरकडच्या मराठी माणसांच्या फोनवर एक व्हिडिओ फिरतोय. वर लिहिलंय, ‘राजा हरिश्चंद्र, 1913, संपूर्ण, रंगीत, आवाजासह’. मला तो सात जणांनी पाठवला. त्यातला एक टोंकखुर्दहून माझ्या चुलतभावानं पाठवला, आणि खाली हात जोडल्याची तीन चित्रं. आता कळतंय की यंदा गणपतीत एका संध्याकाळी हाच व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवायचा, ‘मराठी माणसाचा पहिला सिनेमा’ म्हणून. पडद्याचं भाडंही ठरलंय म्हणे. माझा याला विरोध आहे, आणि तो का आहे ते सगळ्यांसमोर लिहितो, कारण फोनवर दोघा-तिघांना सांगून झालं आणि उपयोग झाला नाही.

आधी सरळ हिशेब. फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र 3 मे 1913 ला मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थेटरात लागला. चार रिळांचा, सुमारे 3700 फूट लांबीचा. आज त्यातली पहिली आणि शेवटची, अशी दोनच रिळं पुण्याच्या संग्रहालयात आहेत. मधली दोन नाहीत. म्हणजे राजा राज्य सोडून निघतो, बायको-मुलाला घेऊन वणवण करतो, तो सगळा मधला भाग नाही. त्यातही आणखी एक पेच आहे. फाळक्यांनी 1917 मध्ये हाच सिनेमा पुन्हा काढला होता, आणि बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की उरलेली दोन रिळं 1913 ची नाहीतच, ती 1917 ची आहेत. यावर वाद आहे, पण वाद आहे एवढं तरी लोकांना सांगायला हवं की नको?

म्हणजे ‘संपूर्ण’ हे खोटं, ‘1913’ हे वादातलं, आणि रंग नि आवाज तर कोणीतरी काल-परवा कॉम्प्युटरवर चढवलेले. मधली जी दोन रिळं नाहीत ती या व्हिडिओत आहेत! कुठून आली? तयार केली. राजा डोंबाकडे पाणी भरतोय, मागे बासरी वाजतेय, आणि राजाचा चेहरा दर चार सेकंदांनी थोडा थोडा बदलतोय. आमचा नातू म्हणाला, आजोबा, याला सहा बोटं आहेत. मी मोजली. होती.

पण सहा बोटांचं मला एवढं काही वाटलं नाही. मला खरा राग आला तो तारामतीपाशी.

तारामतीचं काम कोणी केलं होतं ते आपल्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. अण्णा साळुंके. ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा माणूस. फाळक्यांनी बाई मिळावी म्हणून काय काय केलं, जाहिराती दिल्या, थेट वेश्यावस्तीत जाऊन विचारलं, तिथल्याही बायकांनी नाही म्हटलं. सिनेमात काम करणं हे त्यांच्याही दृष्टीनं हलकं होतं. शेवटी साळुंक्यांना लुगडं नेसवलं. उरलेल्या रिळात ते दिसतं. मनगटं पाहा, खांदे पाहा, लुगड्यात चालण्याची ती जरा अवघडलेली ढब पाहा. त्या एका अवघडलेपणात त्या काळचा सगळा समाज आहे. हेच साळुंके 1917 च्या लंकादहनमध्ये रामही झाले आणि सीताही.

या नव्या व्हिडिओत तारामती गोरी, गुळगुळीत, नाजूक जिवणीची बाई आहे. मशीनला साळुंक्यांचा चेहरा ‘खराब’ वाटला आणि त्यानं तो दुरुस्त केला. मंडळी, हा सिनेमा सुधारणं नव्हे. अण्णा साळुंके नावाच्या माणसाला पडद्यावरून हाकलून दिलं, आणि त्यांच्याबरोबर हेही पुसून टाकलं की तेव्हा एकही बाई पुढे आली नव्हती. उद्या आपल्या मुली हे पाहतील आणि त्यांना वाटेल, बायका तर पहिल्यापासून होत्याच.

आणि ज्या बायका खरोखर पुढे आल्या त्यांचं काय झालं? त्याच वर्षी फाळक्यांनी मोहिनी भस्मासुर काढला. त्यात कमलाबाई गोखले आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत, माय-लेकी दोघींनी काम केलं. पडद्यावर आलेल्या आपल्याकडच्या पहिल्या बायका म्हणून त्यांची नावं घेतली जातात. चंद्रकांत गोखल्यांची आई, विक्रम गोखल्यांची आजी, असं सांगितलं की आपल्याकडे लगेच ओळख पटते. तो सिनेमा गेला. लुगडं नेसलेला पुरुष उरला आणि खरी बाई गेली, हा योग पाहा. पण पुढे कमलाबाई म्हाताऱ्या झाल्यावर रीना मोहन यांनी त्यांच्यावर एक माहितीपट केला. त्यात बाई स्वतः बोलतात. सिनेमा गेला तरी तेवढं हाती लागलं. हे ‘हाती लागणं’ काय असतं ते कळलं तर हा व्हिडिओ दाखवावासा वाटणार नाही.

कार्यक्रम बसवणारा मुलगा चांगला आहे, धडपड्या आहे, नाव लिहीत नाही. तो मला म्हणाला, “काका, तुमचं बरोबर आहे, पण काळंपांढरं, मुकं, ओरखडे पडलेलं आजच्या पोरांनी बघावं कशाला? पाच मिनिटांत उठून सेव-पोह्यांच्या स्टॉलवर जातील. रंगीत असलं तर बसतील तरी.”

ही अडचण खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण मुलं बसावीत म्हणून त्यांना खोटं दाखवायचं असेल तर मग फाळके कशाला हवेत? दुसरं काहीही रंगीत लावा. आणि दुसरं असं, मुक्या सिनेमाला लोक बसत नाहीत हे कोणी सांगितलं? माझे आजोबा इंदूरला शिकायला होते तेव्हा त्यांनी तंबूत कालिया मर्दन पाहिला. ते सांगायचे, तंबूत गप्प कोणी नसायचंच. पेटीवाला वाजवायचा, एक जण उभा राहून पाट्या मोठ्यानं वाचायचा, आणि त्याचं वाचून व्हायच्या आत पाटी गेली की लोक त्याच्यावर ओरडायचे. कृष्णानं उडी मारली की बाया हात जोडायच्या. आजोबा दर वेळी एक गोष्ट सांगायचे, “आधी गोष्ट सुरूच होत नाही. नुसता त्या पोरीचा चेहरा. हसते, रुसते, रागावते.” आम्हाला वाटायचं, म्हातारा काहीतरी जुळवून सांगतोय. आजोबा गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी मी तो सिनेमा पाहिला, आणि सुरुवातीलाच मंदाकिनी फाळके, दादासाहेबांची लहान मुलगी, नुसता चेहरा, हसतेय, रुसतेय. 1919 चा सिनेमा. फाळक्यांच्या मूक सिनेमांत त्यातल्या त्यात जास्त उरलेला हाच. पुण्याच्या नायरसाहेबांनी तुकडे जमवून, फाळक्यांच्या टिपणांचा आधार घेऊन तो लावला. त्यांनी त्यात नवं काही घातलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यासारख्या माळव्यातल्या मराठी माणसांनी तर विसरूच नये. राजा हरिश्चंद्रच्या उरलेल्या रिळांत ज्या पाट्या आहेत त्या इंग्रजीत आणि हिंदीत आहेत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या माणसानं काढलेला सिनेमा, नट मराठी, आणि पाट्या हिंदी. म्हणजे हा माणूस काही गिरगावापुरता सिनेमा काढत नव्हता. इंदूर, देवास, उज्जैनचा प्रेक्षक त्याच्या डोळ्यांसमोर होता की नव्हता? आपण घरी मराठी बोलतो आणि ओट्यावर माळवी. त्या पाट्या आपल्याला जितक्या आपल्या वाटतील तितक्या पुण्याच्या माणसाला वाटणार नाहीत. नव्या व्हिडिओत त्या पाट्या काढून टाकल्या आहेत, आणि राजा शुद्ध पुस्तकी मराठीत बोलतोय. कोणत्या मराठीत? जी आपल्या घरात चार पिढ्यांत कोणी बोललं नाही.

आता आपल्यातले काही म्हणतील, मग सरकारनं जपायला हवं होतं. हवं होतं की. पण संग्रहालय निघालंच 1964 मध्ये. फाळके 1944 मध्ये नाशिकला गेले, त्यालाही वीस वर्षं झाली होती. तोवर बहुतेक मूक सिनेमे संपले होते. आपल्या देशात तेराशेच्या वर मूक सिनेमे निघाले, त्यातले जेमतेम तीसेक आज आहेत, आणि त्यातही बरेचसे तुकडे. कसे गेले? जुनी फिल्म नायट्रेटची. एकदा पेटली की पाण्यातही विझत नाही. नाही पेटली तर आपोआप सडते, चिकटते, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. आणि जी ना पेटली ना सडली ती विकली गेली, कारण फिल्मवर चांदी असते. धुवायची, चांदी काढायची, उरलेल्या पट्टीच्या बांगड्या करायच्या. कोणाच्या तरी आजीच्या हातात अर्धा सिनेमा असेल. 2003 च्या जानेवारीत पुण्यातच, जुन्या प्रभातच्या आवारात, नायट्रेटच्या कोठाराला आग लागून शेकडो सिनेमांची रिळं गेली. तेव्हा ‘पुण्यात सुरक्षित आहे’ असं म्हणून निवांत बसायलाही जागा नाही.

बाबूराव पेंटरांचंच घ्या. कोल्हापूरला स्वतः कॅमेरा तयार करणारा माणूस. त्यांची 1920 ची सैरंध्री गेली. 1925 चा सावकारी पाश गेला, ज्यात तरुण शांताराम शेतकरी होते. मागून 1936 मध्ये तो बोलका करून पुन्हा काढला, पण जाणकार सांगतात की मुक्याची सर त्याला नाही. मग मुक्यातलं काय उरलं? जे. बी. एच. वाडियांनी त्यातली एक झोपडी आठवणीत ठेवली होती, अंधारी, आणि बाहेर विव्हळणारं कुत्रं. बस्स. आता तुम्ही कॉम्प्युटरला सांगून ती झोपडी आणि ते कुत्रं करून घ्याल, आणि दहा वर्षांनी तेच खरं धरलं जाईल. वाडियांच्या आठवणीला मग कोण विचारतो?

पहिलं कोण, तोरणे की फाळके, यावर आपल्याकडे दर वर्षी हाणामारी होते. तोरण्यांचा पुंडलिक 1912 चा, एक वर्ष आधीचा, पण नाटकाचं चित्रण, वगैरे वगैरे. त्यातला एक फूटही आज कोणाकडे नाही, वर्तमानपत्रातली जाहिरात आहे. फूटभर फिल्म नसलेल्या सिनेमावरून माणसं भांडतात, आणि घरातली पेटी अटालेवाल्याला किलोवर देतात. मला या भांडणाचा कंटाळा आलाय.

हो, पेटीबद्दलच बोलायचंय. देवासला 1921 ची गोकुळाष्टमी कशी झाली हे आज वाचायचं असेल तर आपल्याला ई. एम. फॉर्स्टर या इंग्रजाची पत्रं वाचावी लागतात. तो थोरल्या पातीच्या महाराजांचा चिटणीस होता, आणि त्यानं घरी पत्रं लिहिली, घरच्यांनी ती ठेवली. आपल्या पणजोबांनी त्या उत्सवात प्रसाद वाटला, पालखी उचलली, पेटी वाजवली. त्यांची पत्रं कुठे आहेत? निम्मी चुलीत गेली, निम्मी वाड्याची वाटणी झाली तेव्हा. सिनेमाच्या बाबतीतही असंच. आपल्यातल्या दोन-तीन घरांत तरी तंबू सिनेमाचं, मशीनचं काम केलेले आजोबा होते. त्यांच्याकडची हँडबिलं, तिकिटांचे गठ्ठे, डबे? कोणी पाहिलंय?

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. त्या संध्याकाळी ती दोन रिळंच दाखवा. आधी माइकवरून सांगा की हे अर्धं आहे, मधलं हरवलंय, आणि वर्षाबद्दल वाद आहे. पहिलं रीळ संपलं की दिवे लावा, आणि मधली गोष्ट कोणीतरी उभं राहून सांगा, कीर्तनकार सांगतो तशी. हरिश्चंद्राची गोष्ट आपल्यातल्या कुठल्याही आजीला पाठ आहे. मग शेवटचं रीळ लावा. पेटी वाजवायला आपल्याकडे माणूस आहे. पाट्या मी वाचतो, आणि पाटी निसटली तर ओरडायची मुलांना मुभा. तो रंगीत व्हिडिओ दाखवायचाच असं मंडळानं ठरवलं तर निदान पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहा की हा फाळक्यांचा सिनेमा नाही. तेवढंही लिहायचं नसेल तर त्या दिवशी माझं नाव कार्यक्रमपत्रिकेतून काढा.

आणि कोणाच्या माळ्यावर खरंच डबा निघाला तर हात घालण्याआधी हे वाचा. डबा स्वयंपाकघरात उघडू नका, उन्हात ठेवू नका, जवळ विडी-सिगरेट, उदबत्ती, निरांजन काही नको. गॅलरीत सावलीत उघडा. फिल्मच्या कडेला बारीक अक्षरं असतात, भिंग लावून बघा, ‘सेफ्टी’ असं लिहिलं असेल तर ती पेट घेणाऱ्यातली नाही. नसेल तर ती नायट्रेट धरूनच चाला. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तरी टाकून देऊ नका. चिकटली असेल तर ओढून सोडवू नका. मशीनवर चढवून बघायचा मोह तर अजिबात नको. डबा जसा आहे तसा बंद करा, वर काही नाव-नंबर असेल त्याचा फोटो काढा, आणि मला कळवा किंवा थेट पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. माझ्या घरी एक डबा आहे. झाकण गंजलंय, आतलं अजून पाहिलेलं नाही. पुढच्या आठवड्यात घेऊन पुण्याला निघालोय, कोणाला आपला डबा बरोबर द्यायचा असेल तर रविवारपर्यंत सांगा.