ताणाचा उतारा कीं ताणाचें बीज?

वाळूजच्या कारखान्यांतील दुसरी पाळी सुटली म्हणजे बजाजनगरच्या रस्त्यांवर, आणि अभ्यासिकांचे दिवे मालवले म्हणजे औरंगपुऱ्याच्या बाजूस, तरुणांचे दोन निरनिराळे घोळके दृष्टीस पडतात. एक कंत्राटी कामगारांचा, दुसरा स्पर्धा-परीक्षेच्या उमेदवारांचा. दोघांच्या आशा वेगळ्या, बोली वेगळी, खिसाहि वेगळा. परंतु बाटली कां जवळ केली असें विचारल्यास दोघांचें उत्तर एकच येतें : "टेन्शन होतें, म्हणून घेतली." छत्रपति संभाजीनगरांत हें उत्तर इतकें सर्रास झालें आहे कीं, तें खरें कीं खोटें हें तपासण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली आहे.

आमच्या पूर्वीच्या सुधारकांनीं या प्रश्नास हात घातला नव्हता असें नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८० सालीं, पुणें नगरपालिकेचे सभासद असतां, शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. पुढें मात्र मद्यपाननिषेधाची भाषा हळूहळू पापपुण्याचीच होऊन बसली. आजच्या तरुणापुढें पापाचें नांव काढलें कीं तो हंसतो. तो दारूस औषध म्हणतो. तर मग औषध म्हणूनच तिची परीक्षा करूं या.

औषधाची पहिली गोष्ट म्हणजे मात्रा. "बिअरच तर आहे" असें म्हणणाऱ्यानें एक साधा हिशेब करावा. शेंकडा ८ मद्यार्काच्या 'स्ट्राँग' बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलींत ५२ मिलिलिटर, म्हणजे वजनानें सुमारें ४१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. शेंकडा ४२.८ मद्यार्काच्या दारूच्या १८० मिलिलिटरच्या 'क्वार्टर'मध्यें तो ६१ ग्रॅमांच्या घरांत जातो. १४ ग्रॅमचें एक माप धरून, सुमारें दोन तासांत पुरुषानें पांच अथवा स्त्रीनें चार मापें घेणें यास अमेरिकेंतील वैद्यक अतिपान म्हणतें. म्हणजे पुरुषाची मर्यादा ७० ग्रॅम झाली. दोन बाटल्या स्ट्राँग बिअर ८२ ग्रॅम होते. शनिवारीं रात्रीं मित्रांसमवेत "थोडीशीच" घेणारा तरुण वैद्यकाच्या दृष्टीनें कोठें उभा आहे, हें यावरून कळेल.

आतां गुण पाहूं. दारू प्याल्यावर प्रथम हलकें वाटतें, ही गोष्ट खरी आहे आणि ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. नाकारणाऱ्या उपदेशकावर तरुण पुढें कशावरच विश्वास ठेवीत नाहीं. मेंदूंत गाबा नांवाचें द्रव्य मज्जापेशींस शांत करतें, आणि ग्लुटामेट नांवाचें द्रव्य त्यांस चेतवितें. दारू पहिल्याचें बळ वाढविते व दुसऱ्याचें दाबून टाकते. पण मेंदू हा मुका हमाल नव्हे. बाहेरून वारंवार शांति लादली जात आहे असें दिसतांच तो आपली आंतील शांति कमी करतो आणि चेतना वाढवितो. रात्रींची दारू उतरते, मेंदूनें केलेली ही उलट तजवीज मात्र तशीच राहते. म्हणून सकाळीं हात कांपतो, छाती धडधडते, कारणावांचून भीति वाटते. तरुण समजतो कीं कालचें टेन्शन अजून गेलें नाहीं. वस्तुतः त्यांतील मोठा भाग कालच्या बाटलीनेंच आणलेला असतो. आणि त्यावर उपाय म्हणून तो पुन्हां बाटलीकडेच वळतो.

शरीराची ताणाची यंत्रणाहि यांतून सुटत नाहीं. संकट आलें असतां मेंदूच्या तळाकडून निघालेला निरोप मूत्रपिंडावरील ग्रंथींपर्यंत पोंचतो व कॉर्टिसॉल हा स्राव रक्तांत येतो. अतिपानानें दारूच हा निरोप पाठवूं लागते. नित्य पिणाऱ्याच्या अंगांत कॉर्टिसॉलची पातळी एरवींच चढलेली राहते, आणि खरी अडचण समोर उभी राहिली असतां जो जोम यावयास हवा तो बोथट होतो. भय जागविणाऱ्या अमिग्डला नामक भागांतहि ताणाचीं द्रव्यें वाढतात, हें व्यसनाच्या अभ्यासकांनीं दाखविलें आहे. झोंप येण्यासाठीं पिणाऱ्यांविषयीं तर काय सांगावें! पूर्वरात्रीं ते लौकर निजतात, उत्तररात्रीं त्यांची झोंप मोडते, आणि स्वप्नांची झोंप तुटपुंजी होते. दुसऱ्या दिवशीं यंत्रासमोर उभें राहणारा कामगार आणि पुस्तकासमोर बसणारा उमेदवार, दोघेहि न निजलेलेच असतात.

तरुणांच्या बाबतींत धोका अधिक कां? कपाळामागील मेंदूचा जो भाग विचार करतो, आवरतो, पुढचें पाहतो, तो साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. आमच्या मद्यनिषेध कायद्यानें बिअरसाठीं २१ आणि कडक मद्यासाठीं २५ वर्षें वयाची अट घातली आहे. मुंबई राज्यांत हा कायदा १९४९ सालीं झाला, तेव्हां मराठवाडा हैद्राबाद राज्यांत होता, आणि मज्जाशास्त्राचें आजचें ज्ञानहि कोणापाशीं नव्हतें. तरी पंचविशीचा आंकडा शास्त्राशीं जुळावा हा योगायोग विलक्षण खरा. ती अट दुकानाच्या गल्ल्यावर कितपत पाळली जाते, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत असें आढळलें आहे कीं, कोवळ्या वयांत दारूनें झोंप व झोकांडी कमी येते, परंतु स्मरणावर तिचा आघात अधिक होतो. "मला चढतच नाहीं" अशी बढाई मारणारा तरुण याच जातीचा असण्याचा संभव आहे. रात्रींच्या गप्पा सकाळीं मुळींच आठवत नाहींत, तेव्हां त्या विसरल्या गेल्या असें नसून स्मरणाच्या दप्तरांत नोंदल्याच गेल्या नव्हत्या, असें समजावें. परीक्षेसाठीं शेतकरी बापाच्या पैशावर खोली घेऊन राहणाऱ्यास हें नुकसान परवडणारें नाहीं.

येथें न्यायाची एक गोष्ट बोलली पाहिजे. अतिपान करणाऱ्या तरुणांच्या मेंदूंत जे फरक दिसतात, त्यांतील कांहीं पिण्याच्या आधींपासूनचे असतात. बालपणींचा त्रास, घरांतील कर्ज, आनुवंशिकता हींहि त्यांच्या मुळाशीं असतात. बीड-जालन्याच्या कोरडवाहू घरांतून आलेल्या मुलाचा ताण काल्पनिक नाहीं. त्यास नुसतें "सोडून दे" म्हणणें हें निर्दयपणाचें आहे, आणि कित्येकदां धोक्याचेंहि आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानें ती एकाएकीं बंद केली तर झटके व भ्रम होऊन प्राणावर बेतूं शकतें. वैद्याच्या देखरेखीखालींच ती सुटली पाहिजे. सुटल्यावर मात्र मेंदू आठवड्यांनीं व महिन्यांनीं बराचसा सांवरतो, आणि तरुणपणीं हा भरंवसा बाळगण्यास जागा आहे.

मग शहराचें व सरकारचें कर्तव्य कोणतें? आमच्या शहराभोंवतीं मद्याचे कारखाने इतके कीं, २०१६ सालच्या दुष्काळांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास त्यांचें पाणी निम्म्यानें तोडण्याचा हुकूम द्यावा लागला. पाण्याचा हिशेब तेव्हां झाला. माणसांचा अद्याप झालेला नाहीं. जून २०२५ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें मद्यावरील कर वाढविला, तो वर्षास सुमारें १४ हजार कोटी रुपये अधिक मिळावे या अपेक्षेनें. उलटपक्षीं, २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणींत असें दिसून आलें कीं, दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या ३८ माणसांपैकीं कशीबशी एकास उपचार मिळतात. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांतील दारूबंदी कायम आहे. चंद्रपुरांत २०१५ सालीं आलेली २०२१ सालीं उठली. बंदीचा वाद चालूं द्यावा, परंतु ३७ जणांनीं त्याच्या निकालापर्यंत वाट पाहावी काय?

पुण्यांत १९८६ सालीं सुरू झालेल्या मुक्तांगणानें व्यसनी माणूस हा रोगी आहे, गुन्हेगार नव्हे, हें कृतीनें दाखवून दिलें. 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक अभ्यासिकेच्या व प्रत्येक कारखान्याच्या दारावर लागला पाहिजे. त्यास खर्च तो कितीसा? परंतु फलकानें भागणार नाहीं. सकाळच्या वेळीं घाटी रुग्णालयाच्या रांगेंत उभें राहावयाचें तर कंत्राटी कामगाराची त्या दिवसाची रोजी बुडते, आणि रोजी बुडाल्याचें कारण मुकादमास सांगावें तर नोकरीच जाते. सबब नव्या कराच्या उत्पन्नांतून वाळूज व चिकलठाणा येथें मनोविकारतज्ज्ञाचा दवाखाना सायंकाळीं सहा ते दहा उघडा ठेवावा, तेथील कागद मालकाच्या हातीं जाऊं नयेत, आणि विद्यापीठानेंहि आपल्या वसतिगृहांत आठवड्यांतून एकदां हीच सोय करावी, अशी आमची मागणी आहे.