वटपूजा हवी, फांदीपूजा नको

ज्येष्ठ पौर्णिमा जवळ आली की आपल्याकडे दोन प्रकारचे पांडित्य उफाळून येते. एक तथाकथित पुरोगाम्यांचे. वडाला सूत गुंडाळणारी स्त्री दिसली की त्यांना त्यात केवळ अंधश्रद्धा आणि गुलामगिरी दिसते. दुसरे पांडित्य, दुर्दैवाने, आपल्याच घरातले. वड-पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतात, म्हणूनच ऋषींनी त्यांना पूज्य ठरविले, असे ते छातीठोकपणे सांगते. पहिले पांडित्य द्वेषातून जन्मते, दुसरे न्यूनगंडातून. आणि वृक्षाची चिंता दोघांनाही नाही.

प्रकाशसंश्लेषणाला प्रकाश लागतो. रात्री पिंपळही इतर झाडांप्रमाणे श्वसन करतो, म्हणजे प्राणवायू घेतो. शालेय पुस्तकातले हे सत्य नाकारून आपण धर्माचा कोणता गौरव साधतो? गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूतींमध्ये अश्वत्थाची गणना केली, ती प्रयोगशाळेचा दाखला जोडून नव्हे. असत्याच्या टेकूवर उभी केलेली श्रद्धा टेकू निघताच कोसळते.

वास्तविक, या वृक्षांचे सत्य कोणत्याही दंतकथेहून अद्भुत आहे. उंबराचे फूल दिसत नाही, कारण आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या पोटातच शेकडो सूक्ष्म फुले दडलेली असतात. वड, पिंपळ, उंबर या प्रत्येकाचा परागवाहक कीटक वेगळा. चिलटाएवढी ही मादी कोवळ्या फळाच्या तोंडातून आत शिरते, परागीभवन करते आणि तिथेच अंडी घालते. एकावाचून दुसऱ्याचा वंश चालत नाही. सगळे वड एकाच वेळी फळत नसल्याने रानात अन्य फळांचा दुष्काळ असतानाही आपला राज्यपक्षी हरियल उपाशी राहत नाही. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील महावटाचे मूळ खोड बुरशीने पोखरल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकावे लागले. तो वृक्ष आज हजारो पारंब्यांवर उभा आहे. सनातन परंपरेचे याहून बोलके प्रतीक कोणते?

पुरोगाम्यांनीही एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. महाराष्ट्रात नागरी वृक्षसंरक्षणाचा कायदा आला १९७५ मध्ये. त्यापूर्वी शतकानुशतके गावोगावच्या पारावरील वडाला कुऱ्हाडीपासून कोणी वाचविले? सुताच्या त्या धाग्यानेच ना?

पण आज तोच धागा बाजारातून विकत आणलेल्या फांदीला गुंडाळला जातो. ज्या व्रतात वृक्षाचे दीर्घायुष्य हाच आदर्श, त्या व्रतासाठी त्याच वृक्षाचे हात तोडायचे! हे पाप कोणा परकीयाचे नाही, आपलेच आहे. रस्तारुंदीकरणात जुने वड आडवे होतात, तेव्हाही पूजेला जमलेल्यांपैकी किती जण हरकत नोंदवितात? २०२१ च्या दुरुस्तीने शहरी भागातील पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे. ते शस्त्र हाती घ्यायचे कोणी?

प्रत्येक महिला मंडळाने, प्रत्येक देवस्थानाने आपल्या परिसरातील वडांची नोंद करावी, फांदीविक्रीवर बहिष्कार टाकावा आणि पावसाळ्याच्या तोंडी वडाचे एक रोप लावून ते जगवावे. श्रद्धेला विज्ञानाच्या खोट्या प्रमाणपत्राची गरज नाही. गरज आहे ती मुळाशी पाणी घालणाऱ्या हातांची.