वाट अडवली तर हक्क अडवला

भात झोडून झालं. बाया पुन्हा लाकडाला, पाल्याला जंगलात जायला लागल्या. आणि पाड्यापाड्यांतून एकच तक्रार येते आहे : वाट बंद झाली. कुठे प्लांटेशनभोवती चर खणला, कुठे तारेचं कुंपण पडलं. अर्ध्या तासाच्या वाटेला आता दीड तास लागतो. डोक्यावर मोळी घेऊन चर कसा ओलांडायचा, हे चर खणायला सांगणाऱ्याने एकदा करून दाखवावं.

वाट ही किरकोळ गोष्ट नाही. त्याच वाटेने गुरं पाण्यावर जातात, पोरं शाळेत जातात, मोहा घरी येतो. आजारी माणसाला झोळीत घालून त्याच वाटेने नेतो, आणि मेलेल्यालाही. जमिनीसाठी आपण इतकी वर्षं लढलो. पण प्लॉटवर जायला वाटच नसेल तर पट्टा काय भिंतीला टांगायचा?

आपल्याला सांगतात, जंगल सरकारी आहे, वाट कधीही बंद करू. हे खोटं आहे. १९२७ चा वन कायदा इंग्रजांचा, तो काही आपल्या बाजूचा नाही. तरी त्याचं कलम २५ बघा. राखीव जंगलातली वाट बंद करायची तर राज्य सरकारची आधी मंजुरी पाहिजे. आणि सोयीची दुसरी वाट असली पाहिजे, नाहीतर करून दिली पाहिजे. म्हणून साहेबांना दोनच प्रश्न विचारायचे. मंजुरीचा कागद कुठे आहे? दुसरी वाट कुठे आहे?

२००६ चा वनहक्क कायदा त्याच्या पुढे जातो. निस्तार, गुरचराई, गौण वनोपज गोळा करायला जाणं, मग ते गावाच्या हद्दीत असो की हद्दीबाहेर, हे सगळे हक्क कलम ३ मध्ये आहेत. शिकार सोडून परंपरेने चालत आलेले इतर हक्कही त्यात येतात. वाट वापरल्याशिवाय यातला एक तरी हक्क चालेल का?

इथे आपलीही चूक आहे. सामूहिक दावे भरताना आपण मोहा लिहिला, चराई लिहिली, पाणी लिहिलं. वाटा लिहायच्या राहिल्या. कारण कागद भरायला बसले बाप्ये, आणि जंगलातल्या वाटा माहीत बायांना आणि गुराख्यांना. आता त्यांना पुढे घालून वाटा चालून काढा. प्रत्येक वाटेचं नाव, कुठून कुठे जाते, कशासाठी वापरतो, ते लिहा, नकाशा काढा. म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घ्या. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब नियमांत पुरावा म्हणून धरला आहे. मग ग्रामसभेचा ठराव करा. निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया. कोरम नसेल तर ठराव टिकत नाही.

अजून एक कडू गोष्ट. काही ठिकाणी वाट दुसऱ्या कोणी नाही, आपल्याच भावाने अडवली आहे. पट्टा मिळाला आणि बांध वाटेवर सरकला. साहेबाचा चर अन्याय आणि आपला बांध न्याय, असं कसं चालेल? असे बांध गावाने बसून, समजुतीने, आधी मागे घ्यावेत. तेव्हाच आपलं बोलणं वजनाचं होईल.

आणि रात्री एकट्याने जाऊन चर बुजवू नका. केस एकट्यावर होते, वाट मात्र बंदच राहते. जे करायचं ते ठराव करून, दिवसाढवळ्या, सगळ्या गावाने मिळून.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने आपल्या वाटांची यादी घेऊन यावं. यादी सांगायला बाया याव्यात.