विजेच्या गाडीला नवे टायर घेताना

इंदूरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात, ‘आमच्या विजेवर चालणाऱ्या गाडीला तीन वर्षे झाली. बत्तीस हजार किलोमीटरमध्येच पुढचे दोन्ही टायर घासून गेले. आधीच्या पेट्रोलच्या गाडीचे टायर याहून बरेच जास्त चालले होते. टायरवाला म्हणतो, याच मापाचे साधे टायर घाला, स्वस्त पडतील. यजमान म्हणतात, कंपनीने दिले होते तेच घालू. पावसाळ्यापूर्वी निर्णय घ्यायचा आहे. काय करावे?’

२०२० नंतर आपल्याकडे घेतलेल्या विजेच्या गाड्यांचे पहिले टायर आता उतरू लागले आहेत. तेव्हा हा प्रश्न बऱ्याच घरांत निघणार. म्हणून उत्तर जरा सविस्तर देत आहोत.

विजेच्या गाडीला हवेचे टायर नवे नाहीत. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामीय जेनात्सी या बेल्जियन चालकाने मोटारीने प्रथमच ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडला. ती मोटार विजेवर चालणारी होती आणि तिला मिशेलिनचे हवेचे टायर होते. पण तेव्हाचा प्रश्न वेगाचा होता, आजचा प्रश्न वजनाचा आणि टिकाऊपणाचा आहे.

टायर लवकर का झिजतात?

पहिले कारण वजन. बॅटरीमुळे विजेची गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा साधारण दोन-तीनशे किलोंनी जड असते. दुसरे कारण मोटरचा जोर. पेट्रोलचे इंजिन हळूहळू जोर धरते, विजेची मोटर पाय ठेवताक्षणी पूर्ण जोर देते. सिग्नल सुटल्यावर गाडी जी झेप घेते, तिचा भार टायरच्या रबरावर पडतो. तिसरे कारण, पाय उचलला की मोटर उलट काम करून वीज परत बॅटरीत भरते. त्या वेळी होणारा ब्रेक फक्त मोटर जोडलेल्या चाकांवर लागतो. आपल्याकडच्या बहुतेक लहान विजेच्या गाड्यांत मोटर पुढच्या चाकांना असते, म्हणून पुढचे टायर आधी जातात. ब्रेकचे पॅड वाचतात, पण त्याची किंमत टायर मोजतात.

टायरवरचे आकडे वाचावेत

टायरच्या कडेला अक्षरे-आकडे उमटवलेले असतात. उदाहरणार्थ, ‘२१५/६० आर १६ ९५ एच’. २१५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या साठ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १६ हा रिमचा इंचांतला व्यास. दुकानात बहुधा एवढेच विचारले जाते. खरी गोम पुढच्या आकड्यात आहे. ९५ हा भारांक आहे, म्हणजे तो टायर ६९० किलो वजन पेलू शकतो. भारांक ९१ असेल तर हेच वजन ६१५ किलोंवर येते. एका टायरमागे पंचाहत्तर किलो, म्हणजे चार टायरांत तीनशे किलोंचा फरक पडला! एवढे जादा वजन तर बॅटरीचेच असते. त्यात घरची पाच माणसे आणि सुट्टीचे सामान आले, की कमी भारांकाचा टायर उन्हात तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो.

तेव्हा माप तेच ठेवावे. भारांक आणि त्यापुढचे वेगाचे अक्षर मूळ टायरइतके किंवा त्याहून वरचे असावे. मूळ टायरवर ‘एक्सएल’ असेल तर नव्यावरही ते हवे. ‘साधा टायर’ या सर्व कसोट्यांना उतरत असेल तर तो वापरायला काहीच हरकत नाही. अपोलोचा अँपेरियन किंवा सिएटचा एनर्जीड्राइव्ह असे खास विजेच्या गाड्यांसाठीचे टायर मिळतात. त्यांची चौकशी जरूर करावी, पण ते घेतलेच पाहिजेत असे बंधन नाही. आयएसआयचे चिन्ह मात्र पाहावेच.

मैल की पकड?

नवे टायर घातल्यावर ‘एका चार्जमध्ये गाडी कमी चालते’ अशी तक्रार हमखास येते. पेट्रोलच्या इंजिनात बरीचशी ऊर्जा उष्णतेतच वाया जाते, त्यामुळे टायरचा फरक फारसा जाणवत नाही. मोटर मात्र बहुतेक सगळी वीज चाकापर्यंत पोचवते, म्हणून तिथे टायरचा विरोध लगेच आकड्यांत दिसतो. शिवाय नव्या टायरचे रबर जाड असते. ते झिजत जाते तसा विरोध कमी होतो. म्हणजे सुरुवातीची घट काही अंशी स्वाभाविकच आहे.

येथे एक पेच आहे. रस्ता धरून ठेवायचा तर रबराने ऊर्जा शोषायला हवी आणि गाडी हलकी पळवायची तर शोषता कामा नये. सिलिका मिसळलेल्या रबराने हा पेच बराच सैल केला आहे, पण संपवलेला नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने फ्रिज-एसीप्रमाणे टायरांसाठीही ताऱ्यांची पट्टी आणली आहे. पण तारे ऊर्जाबचतीचे असतात, ओल्या रस्त्यावरच्या पकडीचे नव्हेत. युरोपात १ मे २०२१ पासूनच्या पट्टीवर बचत आणि ओली पकड या दोन्हींना ए ते ई अशा वेगवेगळ्या श्रेणी असतात. आपण पाहिलेला टायर तिकडेही विकला जात असेल तर त्याच्या श्रेणी पाहून घ्याव्यात.

आमचे मत विचाराल तर निवड करायची वेळ आली की पकडीला झुकते माप द्यावे. दहा-वीस किलोमीटर कमी मिळाले तर फार तर चार्जिंग लवकर करावे लागेल. पण जुलैच्या पावसात, घाटाच्या उतारावर, पुढचा ट्रक अचानक थांबला, तर जड गाडी दोन-तीन मीटर अलीकडे थांबते की पलीकडे, यावर सारे अवलंबून असते.

टायर बदलायचा केव्हा?

टायरच्या खाचांमध्ये मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. तो शेवटचा टप्पा. मात्र खाच उथळ झाली की टायर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी होते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर तीन मिलिमीटरलाच बदललेला बरा.

दुकानात गेल्यावर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, टायरची जन्मतारीख. ‘डीओटी’ या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहावेत. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. फार जुना साठा घेऊ नये.

दुसरी, दोनच टायर घेणार असाल तर नवे टायर मागे आणि मागचे चांगले टायर पुढे घालावेत. हे ऐकायला उलटे वाटते, पण पुढची चाके घसरली तर चालकाला ते कळते आणि सावरता येते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

तिसरी, गाडी जॅकवर कुठे उचलायची ते टायरवाल्याला आधीच सांगावे. विजेच्या गाडीची बॅटरी तळाशी असते. जॅक भलत्या जागी लावला तर बॅटरीच्या पेटीला धक्का बसतो. गाडीच्या पुस्तिकेत जागा दाखवलेल्या असतात, ते पान उघडूनच द्यावे.

चौथी, आवाज कमी व्हावा म्हणून काही टायरांच्या आत फोम चिकटवलेला असतो. असा टायर पंक्चर झाला तर तेवढ्या जागेचा फोम काढून मगच पॅच लावावा लागतो. २०२० च्या नियमांनंतर हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर-किट असलेल्या गाडीला जादा चाक सक्तीचे राहिलेले नाही. आपल्या गाडीत ते नसेल तर किटमधल्या द्रवाची मुदत तपासून ठेवावी.

टायर बदलल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यावे. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची चाके मागे आणि मागची पुढे करावीत, म्हणजे झीज सारखी होते. आणि सगळ्यात स्वस्त उपाय, दर पंधरवड्याला सकाळी टायर थंड असताना हवा तपासणे. किती हवा भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेले असते. टायरच्या कडेवरचा आकडा हा कमाल मर्यादेचा, तेवढी हवा भरू नये. पेट्रोल भरायचे नाही म्हणून विजेची गाडी पंपावर जातच नाही आणि हवा तपासायची राहून जाते. घरात हवेचा छोटा पंप आणून ठेवला तर हे काम मुलेसुद्धा आनंदाने करतील.